एरंडेलाचा डबा

आमच्या इंजिनात असं काय होतं, हे मला आयुष्यात इतक्या लोकांनी विचारलंय की मी एखादी मोठी मेकॅनिक असेन असं कुणालाही वाटावं. मला साधा फ्यूज बदलता येत नाही. पण दादाची मोटरसायकल सगळ्यांच्या पुढे का असते, हे त्या काळी कांदिवलीपासून अंधेरीपर्यंत शर्यतीच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाला हवं होतं. दादा तोंड उघडायचा नाही, मधू नुसता हसायचा, मग लोक माझ्याकडे यायचे. बहीण आहे, भोळी दिसते, सांगून टाकेल. मी कुणाला सांगितलं नाही. गेल्या महिन्यात ईशाने विचारलं तेव्हाही नाही. ईशा ही दादाची मुलगी, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या पोरांनी मिळून शर्यतीसाठी एक गाडी बनवली आहे आणि तिच्या इंजिनाचं काम हिच्याकडे आलंय. घरी आली, पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "आत्या, पप्पांचं इंजिन बाकीच्यांपेक्षा भारी का असायचं? नेमकं काय केलं होतं त्यांनी?" मी काहीतरी उडवून लावलं. मग तिने आवाज खाली आणून विचारलं, "आणि आजी म्हणायची ते खरं होतं का?" आजी जे म्हणायची ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी तिला म्हटलं, आधी जेवून घे.

तेव्हा आम्ही कांदिवली पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या चाळीत राहायचो. वडील गिरणीत होते. गिरणी आणि वडील साधारण एकाच सुमाराला गेले, त्यात आधी कोण गेलं यावरून आई आणि काकू पुढे कित्येक वर्षं वाद घालायच्या. घरात आई, दादा आणि मी. आई मालवणकडची, अंगाने किरकोळ आणि आवाजाने दणकट. वसाहतीतल्या गाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसांना ती जेवणाचे डबे द्यायची. सकाळपासून आमच्या खोलीत कुळथाच्या पिठीला लसणीची फोडणी बसत असायची आणि भिंतीपलीकडे पत्रा कापायची मशीन सुरू व्हायची. प्रेस मशीनचा धप्प धप्प, कुठेतरी कॉम्प्रेसर भरल्याचा फुसकारा, लेथवर लोखंड सोलल्याची बारीक किंकाळी. पाहुणे आले की कानावर हात ठेवायचे, आम्हाला मात्र रविवारी ते सगळं बंद झालं की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. दादा, म्हणजे विलास, त्यांतल्याच एका गाळ्यात लेथवर टर्नर होता. मालकाचा त्याच्यावर जीव, त्यामुळे रविवारी गाळ्याची किल्ली त्याच्याकडे. रविवारची जी शांतता मला खायला उठायची, ती भरून काढायचं काम दादाचं इंजिन करायचं.

आता तेलाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाचं धान्य भरायचे. तांदूळ आणि तूरडाळ गच्चीवर जुन्या साड्यांवर पसरून वाळवायची आणि टोके-पोरकिडे होऊ नयेत म्हणून त्यांना एरंडेल चोळायचं. तळहातावर थोडं तेल घ्यायचं आणि मूठ मूठ तांदूळ दोन्ही हातांत घोळवायचा, दाण्याला नुसती लकाकी येईल इतपतच. कुणी तेल लावतं, कुणी बोरिक पावडर भुरभुरवतं. आईचा कशावरच पुरता विश्वास नसल्यामुळे ती दोन्ही करायची. यासाठी मोरीशेजारच्या कोनाड्यात एरंडेलाचा एक मोठा पत्र्याचा डबा कायम असायचा. पोट बिघडलं की त्याच डब्यातलं चमचाभर आमच्या घशात जायचं, त्यामुळे त्या डब्याकडे बघूनसुद्धा मला मळमळायचं. दादाने त्याच डब्यातलं तेल एकदा इंजिनात घालून बघितलं. का, ते त्यालाच ठाऊक. बहुतेक रविवार होता, ऑइल संपलं होतं आणि दुकानं बंद होती.

त्यांच्या त्या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल वेगळं द्यायचं नसतं, पेट्रोलमध्येच मिसळतात. पेट्रोल जितकं कमी आणि हवा जितकी जास्त, तितकं इंजिन चपळ पळतं, पण तितकंच तापतं. फार तापलं की साधं ऑइल दम सोडतं, आतला पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो आणि भरधाव जाणारी गाडी जागच्या जागी जाम होते. म्हणून सगळे जण पेट्रोल जरा सढळ हातानेच द्यायचे. हे पेट्रोल कार्बुरेटरमधल्या एका पितळी तुकड्याच्या भोकातून जातं, त्या तुकड्याला जेट म्हणतात, आणि ते भोक सुईने टोचल्याएवढं असतं. एरंडेल कितीही तापलं तरी हटत नाही, हे दादाच्या लक्षात आलं. मग त्याने जेट बारीक केला, आणखी बारीक केला, आणि दुसऱ्या कुणाचं इंजिन पहिल्याच फेरीत चिकटलं असतं अशा ठिकाणी आणून ठेवला. बस, एवढंच होतं आमचं गुपित. अंधेरीचा एक संघ होता, पैसेवाला, त्यांनी बाहेरून पिस्टन मागवले. कुणी म्हणे आम्ही पेट्रोलमध्ये डॉक्टरकडचं काहीतरी घालतो. आमची गाडी गेली की मागे गोडसर, जडसर वास रेंगाळायचा आणि सगळे हुंगत राहायचे. त्यांना तो विलायतेतल्या महागड्या ऑइलचा वाटायचा. आपल्याही आईच्या मोरीशेजारी तोच डबा आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आईला अर्थात सगळं माहीत होतं. रविवारच्या आधी दादा एक काचेची बाटली डब्यातून भरून खिडकीत ठेवायचा. आई बडबडायची, माझ्या तांदळाचं तेल मेलो धुराड्यात घालतोय म्हणायची, आणि पुढच्या वेळी आणखी मोठा डबा आणायची.

गाडी मधू चालवायचा. मधू शेजारच्या चाळीतला, त्याची आई तो लहान असतानाच गेलेली, घरात तो आणि त्याचे वडील. आमच्याकडे तो जेवायला येतो असं कुणी म्हणायचंच नाही, तो असायचाच. रविवारी आई घावणे करायची आणि तव्यावरचा पहिला मधूच्या ताटात पडायचा. तो नारळाच्या रसात बुडवून खायचा आणि खाताना बोलायचा नाही. आमच्या दारात चपला काढायचा, तिथेच बसून शर्यतीचे बूट चढवायचा, आणि चपला संध्याकाळपर्यंत तशाच दारात पडलेल्या असायच्या. मला मधू आवडायचा. आता या वयात ते लपवून काय मिळणार आहे. त्याला ते कळलं होतं की नाही, हे मला कधी समजलं नाही आणि आता समजायची सोय नाही. दादाने त्याला एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. डाव्या हाताची बोटं कायम क्लचवर. इंजिनाचा आवाज पातळ झाला की समज, आत कोरडं पडतंय, लगेच क्लच दाब. मधू आमच्याकडे चहा पितानासुद्धा डाव्या हाताची दोन बोटं कपाच्या कानावर टेकवून बसायचा आणि दादा हसायचा.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या बिऱ्हाडांचं धान्यही आईने आपल्याकडे करायला घेतलं. बायका म्हणाल्या, मालवणीण काकूंच्या हातचं धान्य वर्षभर टिकतं, आणि आई फुशारून गेली. शनिवारी दुपारी गच्चीवर तांदळाचे ढीग बघून तिच्या लक्षात आलं की एवढ्याला आधी तेल, मग पावडर, असं दोनदा चोळत बसलं तर संध्याकाळ होईल. तिने बोरिकची पाकिटं सरळ डब्यातच रिकामी केली आणि लाकडी उलथन्याने ढवळलं. मी डबा धरला होता. तेल ताकासारखं पांढुरकं झालं. मी म्हटलं, आई, दादाला तेल लागतं उद्या. ती म्हणाली, त्याची बाटली खिडकीत भरलेली आहे, मी बघितली, त्याचं त्याला मिळालंय. तेही खरंच होतं, बाटली मीही बघितली होती. आम्ही दोघींनी ऊन उतरेपर्यंत तांदूळ चोळला. तूरडाळ पुढच्या आठवड्यावर टाकली, आणि उरलेल्या तेलाचा डबा परत कोनाड्यात गेला.

रविवारी सकाळी मधू आला, चपला काढल्या, बूट घातले. आईने घावणे वाढून दिले आणि आम्ही मायलेकी मासळीबाजारात गेलो. परत आलो तेव्हा ते दोघे गाडी टेम्पोत घालून निघून गेले होते. खिडकीखालची फरशी तेलकट झाली होती. ज्या घरात आदल्या दिवशी मणभर तांदळाला तेल लावलंय तिथे फरशी तेलकट असणं यात काही विशेष नव्हतं. आईने चुलीतली राख टाकून ती पुसली आणि मला दोघांचा डबा भरून दिला. मी चाळीतल्या मंडळींबरोबर बसने निघाले. शर्यत मालाडच्या पुढे, खाडीकडच्या मोकळ्या मैदानावर असायची. उन्हाने जमीन तडकलेली, माती टाकून उंचवटे केलेले, दोऱ्या बांधून फेरीची वाट आखलेली. वाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास आणि त्यात आमच्या एरंडेलाचा.

मला शर्यतीतलं फारसं कळायचं नाही, पण आमच्या इंजिनाचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. बाकीच्या गाड्या भरभर भरभर करायच्या, आमची एक सलग सूर लावायची, ताणलेला, वर चढत जाणारा. त्या दिवशी मधू पहिल्यापासून पुढे होता. अंधेरीवाले बरेच मागे पडले होते. दादा दोरीला टेकून उभा होता आणि दर फेरीला मान जराशी हलवायचा, ती त्याची शाबासकी. शर्यत निम्म्यावर आली असेल तेव्हा तो सूर बारीक झाला. मी दादाकडे बघितलं. त्याने दोरी घट्ट धरली होती आणि तो ओरडत होता, क्लच दाब, मधू, क्लच. एवढ्या आवाजात ते मधूला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मधू तेव्हा उंचवट्यावरून हवेत उडाला होता, आणि चाकं जमिनीला टेकायच्या आत आवाज थांबला. कमी झाला नाही, थांबला. मागचं चाक जाम होऊन खाली आलं आणि गाडी त्याच्यावर उलटली. त्याला हॉस्पिटलपर्यंत नेलं, पण उपयोग नव्हता.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाचा आवाज कानात घुमतो. माझं तसं नाही. मला तो आवाज ऐकू येत नाही, त्याचं थांबणं ऐकू येतं. आजही घरातला मिक्सर चालू असताना वीज गेली, की माझा हात हवेतल्या हवेत राहतो. नवऱ्याला हे कधी समजावून सांगता आलं नाही. तो आपला उठून मीटर बघायला जायचा.

पोलिसांचं सगळं आटोपल्यावर गाडी गाळ्यात परत आली. दादा कुणाशी बोलत नव्हता, जेवत नव्हता, म्हणून मी दुपारी चहा घेऊन तिकडे गेले. गाळ्यात तो एकटाच होता. त्याने कार्बुरेटर सोडवून फडक्यावर मांडला होता. खालच्या वाटीत पांढरा लगदा बसला होता. त्याने जेट दाराच्या उजेडात धरला आणि मला बघायला सांगितला. त्यातलं भोक त्या लगद्याने पार बुजलं होतं. दादाने तो लगदा चिमटीत घेऊन चोळला आणि म्हणाला, हे काय आहे मला कळत नाही. मला बघताक्षणीच कळलं. दर उन्हाळ्यात आईच्या तळहाताच्या रेषांमध्ये तेच बसलेलं असायचं. मी त्याला गच्चीवरचं सगळं सांगितलं. दादा तिथेच पत्र्याच्या खोक्यावर बसला. म्हणाला की रविवारी सकाळी बाटली त्याच्या हातून निसटली, फुटली, म्हणून त्याने घाईघाईत डब्यातून दुसरी भरली. गढूळ वाटलं म्हणून मलमलीच्या फडक्यातून गाळलंही होतं. ते पीठ इतकं तलम की फडक्यातून गेलं.

मग तो उठला, वाटी आणि जेट पेट्रोलने धुतला, फुंकर मारून साफ केला आणि परत बसवला. मी विचारलं, हे काय करतोयस. तो माझ्याकडे न बघता बोलला.

"जेट मी बदलला होता. आणखी बारीक टाकला. हाव सुटली होती मला. असंच सांगायचं, कळलं ना?"

"दादा, सगळे तुला खुनी म्हणतील रे."

"म्हणू देत. पहिला घावणा त्याला वाढायची ती. तिला हे कळलं तर ती जगायची नाही, शुभा. तू माझ्या डोक्यावर हात ठेव."

मी हात ठेवला. त्याच्या केसांना ग्रीसचा वास येत होता. त्या संध्याकाळी दादाने जुना डबा नेऊन वसाहतीमागच्या नाल्यात टाकला आणि तसाच नवा विकत आणून कोनाड्यात ठेवला. मग तो मधूच्या वडिलांकडे गेला आणि त्यांच्या पायाशी बसून आपण जेट कसा बारीक केला ते सांगून आला. त्या बिचाऱ्यांनी त्याला शिवी दिली नाही, हातही उगारला नाही. ते नुसतं म्हणाले, तू एवढा हुशार होतास ना रे. दादा घरी येऊन आईलाही तेच बोलला. आई चुलीपुढे होती. तिने ऐकून घेतलं, एक शब्द बोलली नाही, आणि मला वाटलं, ती त्याची चूक पोटात घालेल.

तेराव्यानंतर काही दिवसांनी आईने राहिलेली तूरडाळ काढली. माणसं गेली तरी डाळीला कीड लागायची थांबत नाही. तिने एकटीनेच ती चोळली, मला हात लावू दिला नाही. दुपारी दादा जेवायला बसला, आणि आई पहिल्यांदा बोलली. "तुझ्या हावेन गेलो तो," ती म्हणाली. मोठ्याने नाही, वाटीत आमटी वाढता वाढता. दादाने मान खाली घातली आणि जेवत राहिला. ते एकदा सुरू झालं ते थांबलंच नाही. रोज नाही, पण रविवारी हमखास. सणासुदीला, पाहुण्यांसमोर, त्याच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसांसमोरसुद्धा. ती बोलणी अर्थातच मोडली. मी तळमळायचे. कितीदा माझ्या जिभेवर आलं होतं की आई, पुरे, तो डबा तुझा होता. दादा माझ्याकडे नुसतं बघायचा आणि मी गिळून टाकायचे. मला आईचा राग यायचा, अगदी नको इतका यायचा. आणि बोलणी खाऊन दादाचा चेहरा निवळल्यासारखा का होतो, हे मला समजायचं नाही.

दादाने पुन्हा इंजिनाला हात लावला नाही. गाळ्यातली नोकरी सोडली आणि शाळेची बस चालवायला लागला. इतक्या सावकाश चालवायचा की पोरं त्याला कासवकाका म्हणायची आणि पालक तक्रारी करायचे. लग्न केलं तेव्हा कानांवरचे केस पांढरे झाले होते, ईशा तर त्याहून उशिरा आली. चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला वरच्या मजल्यावरची जागा मिळाली. सामान हलवताना आईने मधूच्या चपला स्वतःच्या हाताने नेल्या आणि नव्या दाराशी ठेवल्या. मधू शर्यतीला गेला त्या रविवारपासून त्या दारातून कुणी हलवल्या नव्हत्या. झाडताना उचलायच्या, पुन्हा तिथेच ठेवायच्या. लिफ्टमधून येणारे नवे शेजारी विचारतात, घरात पाहुणे आहेत का. चामड्याचं आता पार लाकूड झालंय. दादा रोज बसवरून आला की आपल्या चपला त्यांच्या शेजारी काढायचा, जरा अंतर ठेवून. दोन वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला. माझे यजमान त्याआधीच गेले होते, तेव्हा मी आईपाशी राहायला आले. ईशा आणि तिची आई मुलुंडला, तिच्या आजोळी राहतात. दादा गेल्यापासून आईने ते वाक्य एकदाही उच्चारलेलं नाही. मला वाटलं, वयामुळे विसरली.

आता वर्षाचं धान्य कोण भरतो. मॉलमधून दर महिन्याला पिशवी येते आणि त्या तांदळाला कीडसुद्धा तोंड लावत नाही. तरी उन्हाळा आला की आई भुणभुण लावते आणि मी तिच्या समाधानासाठी थोडा तांदूळ जास्तीचा आणते. परवा मी हॉलमध्ये चटईवर साडी पसरली, तांदूळ ओतला, एरंडेलाची छोटी बाटली आणि बोरिकची डबी तिच्यापुढे ठेवली. ईशाच्या त्या प्रश्नाने डोकं पोखरलं होतं. पोरगी बापाला खुनी समजत मोठी झाली, आता इंजिनं बनवतेय, आणि मी दादाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथेपायी तिला काही सांगू शकत नाही. तशीच बसून मी आईचे हात बघत होते. तिने तेल घेतलं, मूठ मूठ करत सगळा तांदूळ चोळला, हात पुसले. मग चहाच्या गाळणीत पावडर घेऊन वरून चाळली आणि पुन्हा सगळं चोळलं. इतकी वर्षं तिला हे करताना बघतेय मी. बघतेय म्हणजे काय, समोर बसलेय. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला की त्या एका उन्हाळ्यानंतर ती पावडर तेलाच्या बाटलीजवळसुद्धा नेत नाही.

मी विचारलं, "आई, तू पूर्वी कधी पावडर तेलातच कालवली होतीस ना?"

ती चोळत राहिली. 

"एकाच वर्षी," ती म्हणाली.

पुढचं तीच बोलायला लागली, तांदळाकडे बघत, हात न थांबवता. म्हणाली, डाळीला लावायला डबा उघडला तर तेल काचेसारखं स्वच्छ. तिने स्वतः ढवळलेलं तेल ताकासारखं होतं. खिडकीतली बाटली नाही, खालची फरशी तेलकट होती, आणि आता डबा नवा. तिथेच मोरीपाशी बसून तिने सगळं एकापुढे एक लावलं. दादाने आपल्यासाठी काय केलंय, ते तिला त्या एका दुपारी कळलं, आणि त्याच दुपारी ती त्याला पहिल्यांदा बोलली होती. हे मला तेव्हा आठवलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "आणि तरी तू त्याला जन्मभर बोलत राहिलीस?"

आईने पहिल्यांदा मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते.

"बोलायची थांबले असते तर तेका कळलं असतं," ती म्हणाली.

मला दोघांचाही इतका राग आला की काय करू सुचेना. एकाने आईसाठी स्वतःचं नाव मातीत घातलं. दुसरीने त्याचं ते देणं वाया जाऊ नये म्हणून त्याच्यावरच रोज माती टाकली. दोघं एका छपराखाली, एका चुलीवरचं जेवत, आणि मध्ये मी, दोघांचं ऐकत, मधूच्या चपला उचलत आणि ठेवत. एकदा, फक्त एकदा, तिघं समोरासमोर बसून रडलो असतो तर काय झालं असतं, असं मला वाटलं. मग दादाचा तो बोलणी खाल्ल्यावर निवळणारा चेहरा आठवला. आईला अजून काही कळलेलं नाही, हे त्याला दर रविवारी नव्याने कळत होतं. त्याचं जेवण त्यावरच चाललं होतं.

आईने तांदूळ पिशवीत भरायला घेतला. "ईशाक बोलव रविवारी," ती म्हणाली. "घावणे करतंय मी. तिका मीच सांगतंय सगळा." मी म्हटलं, तुला उभं राहवत नाही, घावणे कसले करतेस, मी करेन. ती म्हणाली, तुझे जाड होतात. मग उठायला लागली, पण तिचे गुडघे धरले होते. मी हात पुढे केला. तिचा हात तेलाने बुळबुळीत झाला होता, माझ्या हातातून निसटला. मी पुन्हा धरला.